पोहऱ्याचा आराखडा

मांजरा खोऱ्यातल्या आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने एक तक्ता रंगवलेला आहे. वर 'गावाचा पाण्याचा ताळेबंद' असा मथळा आहे आणि खाली एकाखाली एक रकाने आहेत: गावाच्या शिवारात पडणारे पाणी, वाहून जाणारे, मुरणारे, पिण्यासाठी लागणारे, जनावरांना लागणारे, पिकांना लागणारे. सगळ्यात शेवटी लाल रंगात 'तूट' हा शब्द असून त्याच्यासमोर आकडा आहे. भूजल जपण्यासाठीच्या केंद्राच्या अटल भूजल योजनेच्या काळात असे तक्ते गावोगावी रंगवले गेले. रंगाऱ्याचे अक्षर सुबक आहे आणि बेरजा बरोबर आहेत. तक्त्याखालच्या ओट्यावर एसटीची वाट पाहणारी माणसे पाठ टेकून बसतात, त्यामुळे 'मुरणारे' या ओळीतला आकडा आता अर्धा पुसला गेला आहे.

हा तक्ता मला फार महत्त्वाचा वाटतो. गावाने आपल्या पाण्याचा हिशेब जाहीर भिंतीवर मांडावा, ही गोष्ट आपल्याकडे यापूर्वी अगदी मोजक्या गावांनी केली होती. मात्र त्याच तक्त्यात एक ओळ कमी आहे. तूट किती, हे लिहिलेले आहे. ती कोणी सोसायची, हे कुठेच लिहिलेले नाही. जलसुरक्षेवरील राष्ट्रीय पातळीचे दस्तऐवज वाचताना, मग ते जलनीतीचे असोत, निर्देशांकांचे असोत की शाश्वत विकासाच्या प्रगती अहवालांचे, मला दर वेळी हीच ओळ गाळलेली दिसते. पाणी किती आहे, किती लागेल, किती घरांपर्यंत पोहोचले, याचे आकडे दरवर्षी अधिक नेमके होत आहेत. पण पाणी कमी पडेल तेव्हा कोणाचा हात आधी थांबवायचा, या प्रश्नाशी आराखडा येऊन थांबतो.

हिशेब मांडून पाहावा म्हणजे हा प्रश्न किती टोकाचा आहे ते कळते. हजार हेक्टर शिवाराचे, दोन हजार वस्तीचे एक गाव घेऊ आणि वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटर धरू. या शिवारावर वर्षभरात साठ लाख घनमीटर पाणी पडते. ताळेबंदाच्या भाषेत सहा हजार टीसीएम, म्हणजे सहा हजार सहस्र घनमीटर. ग्रामीण घरोघरी नळ देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या निकषाने गावाला पिण्या-वापरायला वर्षाकाठी सुमारे चाळीस टीसीएम लागतात. हजारेक जनावरे धरली आणि प्रत्येकाला रोज पन्नास लिटर दिले, तर आणखी अठरा. म्हणजे माणसे आणि गुरे मिळून साठ टीसीएम, पडणाऱ्या पावसाचा एक टक्का. अर्थात पडलेला सगळा पाऊस हाती लागत नाही. बराचसा वाफेने आणि पिकांवाटे जातो, काही ओढ्याने वाहून जातो, आणि आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास जमिनीत मुरतो. तरीही मुरलेले पाणी सहाशे टीसीएम होते, म्हणजे गावाच्या तहानेच्या दहापट. या गावाला एप्रिलमध्ये टँकर लागण्याचे काही कारण नाही.

आता याच शिवारात ऊस लावू. मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी वीस टीसीएमपेक्षा अधिक पाणी लागते. त्यातून पावसाचा वाटा वजा करून विहिरी-बोअरमधून पंधरा उपसावे लागतात असे धरू. मग चार हेक्टर, म्हणजे दहा एकर ऊस वर्षभरात जेवढे पाणी पितो तेवढ्यावर अख्खे गाव गुराढोरांसह वर्ष काढू शकते. शंभर एकर ऊस लागला की त्या वर्षीचे मुरलेले सगळे पाणी त्यात गेले. शंभर एकर म्हणजे त्या शिवाराचा चार टक्के भाग. उसाला दिलेल्या पाण्यातले थोडे परत मुरते हे मान्य करूनही या हिशेबाचा कल बदलत नाही. कृषी खर्च आणि मूल्य आयोगाने महाराष्ट्राविषयी नेमके असेच प्रमाण नोंदवून ठेवले आहे: राज्यातल्या पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेतला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो.

लातूरची पाणी एक्स्प्रेस या हिशेबाच्या शेवटी येते. २०१६ च्या मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली. कृष्णेचे पाणी रेल्वेने गोदावरीच्या खोऱ्यात आले. पुढे वाघिणी पन्नास झाल्या आणि एका फेरीत पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. रेल्वेच्या लोकांनी हे काम फार जिद्दीने केले, यात शंका नाही. परंतु सुमारे चार लाख वस्तीच्या शहरात पंचवीस लाख लिटरची वाटणी केली तर माणशी सहा लिटर येतात. तेवढ्यासाठी देशभर बातम्या झाल्या, आणि ज्या मांजरा धरणावर शहर अवलंबून होते ते तळाला जाईपर्यंत त्याच्या लाभक्षेत्रात कोणते पीक उभे होते, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरणे भरली. राज्याचे साखर उत्पादन २०१६-१७ च्या हंगामात सुमारे ४२ लाख टनांपर्यंत घसरले होते, ते २०१७-१८ मध्ये १०७ लाख टनांच्या घरात गेले. दुष्काळाने काही शिकवले असेल तर ते एका पावसाळ्यात वाहून गेले, असे त्या दोन आकड्यांकडे पाहून वाटते.

पाणी हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. आंतरराज्य नद्यांचे नियमन तेवढे केंद्राकडे. त्यामुळे राष्ट्रीय नियोजनात पाण्याचे स्थान पहिल्यापासून जरा अवघड राहिले. केंद्राने धोरणे लिहायची, निधी द्यायचा, आणि अंमल राज्यांनी करायचा. १९८७, २००२ आणि २०१२ अशा तीन राष्ट्रीय जलनीती झाल्या आणि तिन्हींत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी नियोजन आयोगाचे तेव्हाचे सदस्य मिहिर शाह यांच्या पुढाकाराने मोठी धरणे बांधण्याकडून असलेल्या पाण्याच्या व्यवस्थापनाकडे वळण्याची आणि देशभरातील भूजलधारक खडकांचे नकाशे तयार करण्याची भूमिका मांडली गेली. २०१६ मध्ये शाह यांच्याच समितीने केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळ या दोन्ही संस्था एकत्र करून राष्ट्रीय जल आयोग स्थापावा अशी शिफारस केली, कारण नदी आणि तिच्या काठची विहीर यांचे पाणी एकच असताना त्यांचा हिशेब दोन कार्यालयांत ठेवला जातो. ती शिफारस कागदावर राहिली. २०१९ मध्ये जलशक्ती मंत्रालय झाले, पेयजल आणि जलसंपदा एका छताखाली आले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला प्रत्येक ग्रामीण घरात नळ देण्याची घोषणा झाली.

जलजीवन मिशनला मी नावे ठेवणार नाही. घोषणेच्या वेळी देशातल्या सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत, म्हणजे शंभरातल्या सतरा घरांत नळ होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात हे प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेल्याचे सांगून मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवणे ही कोणत्याही विकास आराखड्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे, आणि ज्यांनी तो हंडा कधी उचललेला नाही त्यांनी नळाच्या तोटीला हसू नये. पण २०२४ च्या उन्हाळ्याकडे पाहा. महाराष्ट्रातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक ग्रामीण घरांत नळजोडणी असल्याची नोंद होती, आणि त्याच मे महिन्यात राज्यात तीन हजारांवर टँकर धावत होते, त्यांतले निम्मे मराठवाड्यात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण सहज म्हणून जातो. इथे तर आपण घरोघरी नवा पोहरा बसवून त्याचीच मोजदाद ठेवली. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत स्रोत टिकवण्याचा उल्लेख अवश्य आहे, पण ते काम रोजगार हमी, वित्त आयोगाचा निधी आणि इतर योजनांच्या 'अभिसरणातून', म्हणजे त्यांची सांगड घालून, व्हायचे आहे. सरकारी भाषेतला हा शब्द ज्या कामाला चिकटतो त्या कामाला सहसा धनी नसतो.

टँकर गावात येतो तेव्हा काय होते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे टँकर बहुधा सार्वजनिक विहिरीत रिकामा करतात. पाइप काठावर टेकवला की पाणी कोरड्या दगडांवर आपटत खाली जाते, वीस-पंचवीस मिनिटांत टाकी रिकामी होते आणि चालक वहीवर सही घेऊन निघून जातो. विहिरीच्या तळाशी तेव्हा गुडघाभर गढूळ पाणी असते आणि चारही बाजूंनी पोहरे पडू लागतात. शंभर पावलांवर कोणाच्या तरी शेतातला सबमर्सिबल पंप त्याच वेळी चालू असतो. विहिरीतले पाणी आणि त्या बोअरमधले पाणी एकाच खडकातले आहे हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असते. टँकरचे बिल सरकार देते, आणि त्या पंपाच्या विजेचेही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्यात मोफत वीज आहे.

या खडकाविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण राष्ट्रीय आकडेवारीत तो नीट बसत नाही. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग लाव्हाच्या थरांनी, म्हणजे बेसॉल्टने बनलेला आहे. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला किंवा सच्छिद्र मांजऱ्या, त्याखाली घट्ट काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. पाणी असते ते मुरमात आणि मांजऱ्याच्या फटींत, तेही थोडे. बोअर घेताना हे थर डोळ्यांसमोर वर येतात. तमिळनाडूची नंबरप्लेट असलेली बोअरची गाडी रात्री येते, पाणाड्याने नारळ उभा राहिला म्हणून दाखवलेल्या जागी नारळ फुटतो, आणि मग तासन्‌तास राखाडी भुकटीचा लोट उडत राहतो. भुकटी लाल झाली की माणसे पुढे सरकतात, कारण गेरूनंतर पाणी लागते असा समज आहे. भुकटी ओली झाली की कोणीतरी 'लागलं!' म्हणून ओरडते, आणि किती इंची पाणी आहे याचा अंदाज बांधला जातो. पूर्वी दोनशे फुटांवर हे व्हायचे. आता सहाशे-आठशे फुटांवर गेल्यावरही कोरडी भुकटीच उडत राहते, फुटाचा दर मात्र जसे खोल जावे तसा वाढत जातो, आणि पहाटे गाडी पुढच्या शेतावर निघून जाते. खोल गेल्याने पाण्याचा साठा वाढत नाही. वरच्या थरातले पाणी खालून ओढून घेण्याची सोय तेवढी होते, आणि शेजारची विहीर आटते.

देशाचे भूजल मोजणारा २०२३ चा अहवाल सांगतो की वर्षाला उपसता येण्याजोगे पाणी सुमारे ४०७ अब्ज घनमीटर आहे आणि उपसा २४१ अब्ज घनमीटर, म्हणजे एकोणसाठ टक्के. मोजणीसाठी पाडलेल्या देशातील ६,५५३ घटकांपैकी (तालुके किंवा तशाच विभागांपैकी) ७३६ अतिशोषित आहेत, म्हणजे तिथे मिळण्याजोग्या पाण्याहून उपसा अधिक आहे. महाराष्ट्राची सरासरी तर त्याहून खाली, चोपन्न टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कागदावर आपण सुरक्षित आहोत. पंजाब-हरियाणाच्या गाळाच्या जमिनीत पाण्याची पातळी वर्षानुवर्षे खाली जाते आणि ती घसरण या मोजमापात स्वच्छ दिसते. आमच्याकडे खडकाचे पोटच लहान आहे. ते चांगल्या पावसाने काठोकाठ भरते, उरलेले पाणी ओढ्याने निघून जाते, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत उपशाने रिकामे होते. पुढच्या वर्षासाठी मागे काही राहत नाही. वर्षाची सरासरी काढली की हा रिकामा झालेला उन्हाळा तिच्यात दिसेनासा होतो. नीती आयोग शाश्वत विकासाच्या सहाव्या, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेच्या उद्दिष्टासाठी राज्याराज्यांना गुण देतो तेव्हा हीच सरासरी वापरात येते, आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणारे गाव 'सुरक्षित' तालुक्यात मोडते.

याच्या मुळाशी एक जुना कायदा आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी जमिनीच्या मालकीला जोडून टाकले. तेव्हा मोटेने पाणी काढत आणि बैल थकले की उपसा थांबे. त्यामुळे आपल्या जमिनीत हवे तेवढे पाणी काढण्याचा हक्क कोणाला फारसा नडला नसावा. मोटेची जागा इंजिनाने घेतली, इंजिनाची विजेच्या पंपाने, आणि आता सौर पंपाने. कायद्याचे तत्त्व तेच राहिले. दुरुस्तीचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९९३ मध्येच पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास बंदी घालणारा कायदा केला आणि पुढे २००९ चा अधिक व्यापक भूजल अधिनियम आणला. आमच्या गावच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या वर्तुळात किती बोअर आहेत, हे गावातले शाळकरी पोरही सांगेल. त्यांतल्या एकावरही कधी कारवाई झाल्याचे मला ठाऊक नाही, आणि खरे सांगायचे तर तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने एकट्याने ती करावी अशी अपेक्षा ठेवणेही फारसे शहाणपणाचे नाही.

कारण बोअर घेणारा माणूस चोर नाही. माझे चुलते, ज्यांना सगळे गाव बापू म्हणते, दुष्काळातही दोन एकर ऊस जपत होते. मी एकदा त्यांना विचारले, "बापू, पाणी नाही तर ऊस कशाला धरायचा? तूर करा की." ते म्हणाले, "तुरीचं काय येईल ते तू सांगतोस का? उसाचं बिल उशिरा येतं, पण येतं." यावर मला काही उत्तर देता आले नाही. उसाला केंद्र सरकार दरवर्षी रास्त आणि किफायतशीर दर ठरवून देते आणि तो देण्याचे बंधन कारखान्यावर असते. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र कधी उघडेल, किती क्विंटल घेईल, बारदाना असेल की नाही, याची खात्री नसते. पाऊस, भाव आणि कर्ज या तीन बेभरवशाच्या गोष्टींत एक तरी गोष्ट पक्की असावी म्हणून बापू ऊस लावतात. त्यांचा निर्णय त्यांच्या घरापुरता पूर्ण समंजस आहे, आणि गावातल्या पन्नास घरांनी तोच समंजस निर्णय घेतला की विहीर आटते.

इथे राष्ट्रीय नियोजनाचा खरा संबंध येतो, कारण बापूंना उसाकडे वळवणारी प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या आराखड्यात यश म्हणून नोंदवली जाते. इथेनॉलचेच पाहा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले. आयात तेल कमी, परकीय चलनाची बचत, कारखान्यांच्या हाती पैसा, शेतकऱ्याची थकबाकी कमी. २०२१ मध्ये नीती आयोगाने या धोरणाचा जो मार्गदर्शक आराखडा काढला, त्यातच उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे नमूद आहे आणि मक्यासारख्या कमी पाण्याच्या पिकांकडे वळण्याची सूचनाही आहे. त्यानंतर धान्यापासूनच्या इथेनॉलचा वाटा पुष्कळ वाढला हे खरे. पण २०१८ मध्ये जल व्यवस्थापन निर्देशांक काढून देशातले साठ कोटी लोक तीव्र ते अतितीव्र पाणीताणाखाली आहेत असा इशारा देणारा आयोगही हाच. एका दालनात पाण्याचा ताण मोजायचा आणि दुसऱ्यात पाणी जाळणाऱ्या इंधनाचे लक्ष्य पाच वर्षे अलीकडे ओढायचे, यात कोणाचा अप्रामाणिकपणा आहे असे मी म्हणत नाही. दोन्ही दालनांतले हिशेब एका पानावर कोणी मांडत नाही, एवढेच.

सौर पंपाचेही तसेच. ऊर्जेच्या खात्यात तो निव्वळ जमा आहे: डिझेल वाचले, अनुदानाची वीज वाचली, रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाऊन साप चावण्याची भीती गेली. ही शेवटची गोष्ट शहरात बसून लहान वाटते. आमच्याकडे ती लहान नाही. पण ज्या पंपाला बिल नाही आणि भारनियमन नाही, तो सूर्य असेपर्यंत चालतो. पूर्वी वीज गेल्यावर विहिरीला झरा भरून घ्यायला काही तास मिळत; ती नकोशी विश्रांती आता राहिलेली नाही. पाण्याच्या खात्यात याची नोंद खर्चाच्या बाजूला व्हायला हवी. ती होत नाही, कारण पंपाचे उद्दिष्ट ठरवणाऱ्या खात्याकडे पाण्याचे खातेच नसते.

शेततळ्याचा प्रकार याहून गमतीचा म्हणावा लागेल. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली तेव्हा शिवारातले वाहून जाणारे पाणी अडवावे आणि पावसाच्या खंडात पिकाला एखादे पाणी द्यावे, असा तिच्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात काळे प्लॅस्टिक अंथरलेली कितीतरी तळी विहिरी-बोअरमधून पाणी उपसून भरली जातात. जमिनीखाली सगळ्यांचे असलेले पाणी पावसाळा संपता संपता वर काढायचे, कुंपण घातलेल्या खासगी टाकीत साठवायचे, आणि उन्हाळाभर त्यातले काही उन्हाला द्यायचे. फळबाग जगवण्याची ही शेतकऱ्याची धडपड मला समजते. पण असे तळे सरकारी नोंदीत 'जलसंधारणाचे काम' म्हणून मोजले जाते, आणि जालना-संभाजीनगरच्या बाजूला अशी तळी जवळजवळ असलेल्या गावांत डिसेंबरातच विहिरी खाली जातात, तेव्हा ताळेबंदाच्या दोन्ही बाजू चुकलेल्या असतात.

तूट कोणी सोसायची ही ओळ ज्यांनी आपल्या तक्त्यात लिहिली अशी माणसे महाराष्ट्रात झाली आहेत. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला तेव्हा पाण्याचा हक्क जमिनीवरून काढून माणसावर ठेवला: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे नियम केले आणि पावसाळा संपला की पाण्याचा अंदाज ग्रामसभेपुढे मांडून त्या वर्षीची पिके ठरवण्याची पद्धत पाडली. जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचे हे गाव. पाऊस फारच कमी झाला तर आधी पिण्याचे पाणी, मग जनावरे, आणि उरले तर पीक. त्याहीपूर्वी धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड पाडून, कोणत्या फडात यंदा कोणते पीक आणि कोणता फड पडीक, हे सगळे शेतकरी मिळून ठरवत. पाणी देणारा पाटकरी सर्वांनी नेमलेला असे, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी लागवडच सगळ्यांची सारख्या प्रमाणात कमी होई.

ही उदाहरणे सांगून झाली की भाषणे बहुधा संपतात आणि टाळ्या पडतात. मला तिथेच थोडे अडायचे आहे. हिवरे बाजारच्या नियमांमागे तीस वर्षांहून अधिक काळ टिकलेले एक नेतृत्व आहे, आणि साळुंखे यांच्या तत्त्वाला राज्याने सर्वत्र लागू होणारा कायदा म्हणून कधी स्वीकारले नाही. गावोगावी एक पोपटराव निघतील या भरवशावर राष्ट्राचे नियोजन करता येत नाही. ज्या गावात दोन तट आहेत, सरपंच दर पाच वर्षांनी बदलतो, आणि सर्वांत मोठा बागायतदार हाच कारखान्याचा संचालक आहे, अशा सर्वसाधारण गावात वाटपाचा नियम कसा चालेल, हा नियोजनकर्त्याचा प्रश्न असायला हवा. आदर्श गाव पाहायला सहली जातात. या दुसऱ्या गावाकडे कोणी फिरकत नाही, आणि देशात संख्या त्यांचीच आहे.

नियम करता येतात आणि ते न्यायालयातही टिकतात, याचे उदाहरण आपल्याच खोऱ्यात आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी तूट समान वाटून घ्यावी असे सांगतो. त्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात किती भांडणे झाली, किती मोर्चे निघाले, किती याचिका झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. शेवटी ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे सूत्र ठरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. सूत्रावर दोन्ही बाजू नाराज आहेत, आणि ते पुन्हा तपासण्याची मागणी होतच असते. पण भांडायला तिथे एक आकडा आहे, एक तारीख आहे आणि दाद मागायला एक जागा आहे. देशातल्या सिंचनाचा मोठा भाग आणि ग्रामीण भागातले बहुतांश पिण्याचे पाणी ज्या भूजलावर अवलंबून आहे, त्याच्या वाटपासाठी असा आकडा, अशी तारीख आणि अशी जागा अजून ठरायची आहे.

पैशाची अडचण आहे असेही म्हणता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवले. अटल भूजलचे सहा हजार कोटी सात राज्यांतल्या आठ हजारांवर ग्रामपंचायतींसाठी होते. त्यातून निरीक्षण विहिरी, पर्जन्यमापक आणि जलसुरक्षा आराखडे झाले, गावातल्या पोरींनी दोरीला फीत बांधून विहिरींची पातळी मोजली. माहितीचा दुष्काळ बऱ्याच अंशी संपला, ही त्या योजनेची मोठी कमाई आहे. पण त्या आराखड्याच्या आधारे ग्रामसभेला उपसा थांबवता येत नाही, कारखान्याला ऊसनोंदणीचे क्षेत्र कमी करायला सांगता येत नाही, आणि कमी पाण्याचे पीक घेणाऱ्याला खरेदीची हमी देता येत नाही. या तिन्ही गोष्टी अनुक्रमे राज्याच्या, सहकार-साखर खात्याच्या आणि केंद्राच्या हातात आहेत. माझ्या मते राष्ट्रीय नियोजनाने गावाच्या आराखड्याला या तीन धाग्यांनी बांधून घेतले, तर नव्या योजनेची गरजच पडणार नाही: पिण्याचे पाणी वर्षअखेरपर्यंत खडकात राखून ठेवल्याचे दिसेपर्यंत नव्या बोअरला आणि सौर पंपाला मंजुरी नाही, ज्या तालुक्यात तूट आहे तिथे ऊसनोंदणीला मर्यादा, आणि त्याच तालुक्यात तूर, हरभरा, ज्वारीची खरेदी बांधील.

यातला सर्वांत अवघड भाग मला वेळापत्रकाचा वाटतो, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पाऊस किती झाला आणि विहिरी किती भरल्या, हे सप्टेंबरअखेरीस कळते. ताळेबंद मांडायला सर्वांत योग्य ग्रामसभा २ ऑक्टोबरची. त्यानंतर रब्बीचा पेरा होतो, त्यामुळे हरभऱ्याचे क्षेत्र किती आणि गव्हाचे किती, हे तिथे बसून ठरवता येते. आडसाली उसाची लागण मात्र जुलै-ऑगस्टमध्येच उरकलेली असते आणि तो पुढे दीड वर्ष शेतात उभा राहणार असतो. खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचे, तर विचारायलाच नको. त्याच्या पाण्याची मागणी मागच्या तोडणीच्या दिवशीच नोंदली गेलेली असते. म्हणजे जमेची बाजू कळायच्या आधीच सर्वांत मोठा खर्च मांडून झालेला असतो, आणि ग्रामसभेपुढे वाटणीसाठी उरते ते हरभऱ्याचे पाणी. हिवरे बाजारने ऊस मुळातच बाद केला तो याच कारणाने असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे: पावसाच्या आधी पाणी खर्ची टाकणारे पीक शिवारात असेल तर ऑक्टोबरचा ताळेबंद कितीही अचूक असला तरी त्यावर निर्णय घेण्याजोगे काही शिल्लक राहत नाही.

आमच्या ग्रामसभेत यंदा हा विषय काढायचा म्हणून मी बापूंना आधी सांगून ठेवले. ते हसले नाहीत की चिडलेही नाहीत. "खोडवा मोडतो," ते म्हणाले, "पण मग तुरीचा काटा गावात लागला पाहिजे, आणि तो कोण लावणार ते त्याच बैठकीत लिहून घ्या."